घोडेस्वारीचे जुने बूट पुन्हा उभे करताना

घोडेस्वारीचे उंच बूट आतल्या बाजूने झिजतात. रोजच्या बुटाचा तळ आधी झिजतो, मग वरचा भाग. इथे तळ बऱ्यापैकी शाबूत असतो आणि पोटरीच्या आतल्या बाजूचं चामडं मात्र संपत आलेलं असतं, कारण स्वाराचा पाय बहुतेक वेळ जमिनीवर नसतोच. तो घोड्याच्या बरगडीला आणि रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कडीच्या, पट्ट्याला टेकलेला असतो. दुडक्या चालीत दर पावलाला तिथे घासतं. त्यात घोड्याचा घाम. माणसाच्या घामापेक्षा तो खारट, शिवाय त्यात लॅथरिन नावाचं फेस धरणारं प्रथिन असतं. उन्हात रपेट करून आलेल्या घोड्याच्या मानेवर, लगामाखाली पांढरा फेस दिसतो तो त्यानेच. हा घाम चामड्यात मुरतो, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पुन्हा ओल धरते, पुन्हा सुकतं, आणि चामड्यातलं तेल कमी कमी होत जातं. शिलाईचा दोरा सुती असेल तर तो चामड्याच्याही आधी कुजतो.

हे सगळं मला कळलं ते मावसबहिणीच्या बुटांमुळे. ताई पुण्यात होती तेव्हा स्वारी शिकायची. पुढे नोकरी, मुलं, सगळं सुटलं. मी नांदेडजवळच्या एका पागेत शिकायला लागले हे कळल्यावर तिने काळे चामडी बूट माझ्याकडे पाठवून दिले. आमच्या दोघींच्या पायाचं माप एक, पोटरीचंही जवळपास एक. बूट तिच्याकडे काही पावसाळे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले होते. पिशवी उघडली तेव्हा आधी वास आला, मग बूट दिसले. नळी, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग, दोन्हीकडे दुमडून पडलेली. चामड्यावर हिरवट-पांढरी बुरशी. उजव्या बुटाची मागची चेन घोट्यापाशी उसवलेली, दात गेलेले. डाव्या बुटाला घोट्याच्या पुढच्या घडीत आरपार चीर. पोटरीच्या आतल्या बाजूचा जाड तुकडा, जो मुद्दाम घासण्यासाठीच लावलेला असतो, तो वरच्या कडेने सुटलेला. टाचा मागून तिरक्या झिजलेल्या. आणि तळाला पुढच्या अर्ध्या भागात रबरी, खाचाखाचांचा सोल चिकटवलेला. तो मूळचा नव्हता. ताईने कधीतरी एका दुकानात टाकला होता आणि तिथल्या माणसाने ‘घसरणार नाही’ म्हणून तसा बसवून दिला होता. या सोलबद्दल पुढे सांगते, कारण सगळ्या दुरुस्तीत तोच सगळ्यांत धोक्याचा भाग निघाला.

नवे बूट का घेतले नाहीत, असं पागेतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. आपल्याकडे खोगीर, लगाम आणि स्वारीच्या बुटांचं काम कानपूरला मोठं चालतं. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. तिथून मापाने बूट मागवता येतात. पण चांगलं चामडं स्वस्त नसतं, आणि तयार मापात पाऊल जुळलं तर पोटरी जुळत नाही. ताईचे बूट घोट्यात बसलेले होते. उंच बूट नवे असताना गुडघ्याच्या मागे टोचतात इतके उंच असतात, मग घोट्यात घड्या पडून दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतात, तेव्हा कुठे ते पायाचे होतात. तो वेळ कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला होता. शिवाय चामडं जिवंत होतं.

जिवंत की मेलेलं, हे आधी पाहावं लागतं. नळीचं चामडं अंगठ्याने आत दाबून दुमडलं आणि वर बारीक सुरकुत्या येऊन सोडल्यावर गेल्या, तर त्यात अजून दम आहे. दुमडताच कोरड्या भेगा उघडल्या तर तिथले तंतू तुटलेत. तुटलेले तंतू कुठल्याही तेलाने जुळत नाहीत. झाडाच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्याला आणखी एक रोग लागतो, त्यात बोट फिरवलं की विटकरी भुगा हाताला येतो. तसं असेल तर दुरुस्तीचा नाद सोडावा. माझ्या बुटांच्या चिरेत मी भिंग लावून पाहिलं. चामड्याच्या कापल्या कडेचा गाभा निळसर राखाडी दिसत होता, म्हणजे क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं. सालीने कमावलेलं असतं तर आरपार तपकिरी दिसलं असतं. हा फरक उपयोगाचा आहे. क्रोमचं चामडं मऊ असतं, पाणी आणि ऊन जास्त सोसतं, वरच्या भागाला तेच वापरतात. सालीचं कडक आणि भरीव असतं, ते तळाला चांगलं. आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड वाढतो ना, त्याची साल आणि बाभळीची साल, शिवाय हिरडा, यांवरच दख्खनमधली कातडी पिढ्यान्‌पिढ्या कमावली गेली आहेत.

बुरशी काढण्याचं काम घरातच केलं, पण व्हरांड्यात आणि तोंडाला फडकं बांधून. आधी कोरड्या ब्रशने झटकली. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून, त्यात फडकं भिजवून घट्ट पिळून पुसलं. मिठाचे पांढरे डागही यानेच गेले. आई म्हणत होती, गच्चीवर टाक, वैशाखातलं ऊन आहे, तासात बुरशी मरेल. बुरशी मेली असती खरी. पण नांदेडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर आणि गच्चीची फरशी त्याहून तापलेली. ओलं चामडं तिथे आक्रसून कडक झालं असतं. सावलीत, वाऱ्याला, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते वाळवलं. कागद ओला झाला की बदलायचा, एवढंच काम. घाई करू नये असा हा टप्पा आहे.

नंतर साबण. खोगिराचा खास साबण आमच्याकडे मिळत नाही, म्हणून ग्लिसरिनची पारदर्शक वडी वापरली. पाणी कमी, फेस जास्त. स्पंजवर फेस काढून तेवढ्यानेच पुसायचं. कपड्याचा साबण किंवा पावडर मात्र चामड्याला कधी लावू नये. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं आणि कपड्याचा साबण अल्कलीचा. त्याने मळ निघतो तसं तेलही निघून जातं.

तेलाच्या बाबतीत घरात बरीच चर्चा झाली. परदेशात यासाठी नीट्सफूट नावाचं तेल वापरतात, ते गुराढोरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. ते मला गावात मिळालं नाही. आजीचं म्हणणं करडईचं तेल लाव. आमच्या भागात करडई पिकते, आणि पूर्वी विहिरीच्या मोटेच्या चामड्याला, नाड्यांना करडईचंच तेल आटवून लावायचे, हे तिने पाहिलेलं. तिचं बरोबर होतं, मोटेपुरतं. करडईचं तेल हवा लागली की हळूहळू घट्ट होतं, चिकट पापुद्रा धरतं. सतत पाण्यात असणाऱ्या मोटेला असा पापुद्रा हवाच असतो. घोट्यात दिवसभर वाकणाऱ्या बुटाला नको. खोबरेल तेल थंडीत गोठतं. एरंडेल सुकत नाही, पातळ लावलं तर चामड्यात राहतं, म्हणून ते घेतलं. वाटी कोमट पाण्यात ठेवून जरा पातळ केलं आणि बोटांनी, अगदी थोडं, आतून-बाहेरून चोळलं, फक्त घोट्याची आतली बाजू सोडून. जास्त तेल पाजलं तर चामडं ढिलं पडतं आणि टाक्यांच्या भोकांतून दोरा सुटायला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. नळी हळूहळू नरम झाली, तेव्हा दोन्हींत पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटल्या घालून उभी केली.

इथपर्यंतचं काम कुणालाही घरी करता येईल. पुढे हात कसलेला लागतो.

नांदेडच्या वजिराबादेत दोन-तीन ठिकाणी विचारलं. पॉलिश करून देतो, चेनचं बघू, बाकी नवे घ्या, असंच उत्तर. पागेत घोड्यांना नाल ठोकायला इतवाऱ्याकडून एक नालबंद चाचा येतात. त्यांना बूट दाखवले. त्यांनी चीर बघितली, सोल बघितला आणि जुन्या मोंढ्याकडच्या एका मामांचा पत्ता दिला. ‘‘उनो घोडे का साज बनाते थे,’’ एवढंच म्हणाले.

मामांची जागा म्हणजे एका दुकानाच्या पायरीशेजारी पत्र्याची आडोशाची पेटी. समोर पाण्याचं डबडं, गुळगुळीत झालेला दगड, तीन पायांचा लोखंडी ठोकळा, चामडं तासायची रापी, भोकं पाडायच्या लहान-मोठ्या आऱ्या, मेणाचा काळा गोळा. बूट हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा आत हात घातला. बाहेरून नंतर पाहिलं.

‘‘पोलिसाचे हायत का हे?’’

‘‘नाही मामा, माझेच. घोड्यावर बसायचे.’’

‘‘तुम्ही बसता घोड्यावर?’’ त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मंग काम पक्कं लागंल. पडायचं काम नाई.’’

त्यांचे वडील मोटा आणि पखाली शिवायचे. विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या, तेव्हा बैलांच्या घुंगुरमाळांचे पट्टे आणि घोड्यांचा साज करायला लागले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ते दरवर्षी पाल लावत. लोहा तालुक्यातली ही यात्रा मार्गशीर्षात भरते, आणि घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार ही तिची ओळख. लगाम, तंग, मोरकी, घुंगरं विकणारेही तिथे ओळीने बसतात. मी स्वतः गेल्या यात्रेत तिथून म्हशीच्या चामड्याचा एक जाड पट्टा आणून ठेवला होता, रिकिबीसाठी म्हणून. मामांनी तो मागवून घेतला, वास घेतला, नखाने दाबला आणि म्हणाले, आतल्या ठिगळाला हाच कापू.

डाव्या बुटाची चीर ही सगळ्यांत नाजूक गोष्ट होती. मला वाटत होतं, चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून टाके घालतील. मामांनी मान हलवली. ‘‘इथं टाका मारला तर सुईच्या भोकातून पुन्हा फाटंल. ही जागा हलती हाय.’’ घोटा वाकतो तिथे टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेची भोकं. ओढ बसली की नेमकं तिथूनच सुटतं. म्हणून ठिगळ आतून लावायचं, नुसतं चिकटवून, आणि टाके घालायचे ते चिरेपासून लांब, जिथे चामडं वाकत नाही तिथे.

ठिगळ कसं करतात ते मी शेजारी बसून पाहिलं. पट्ट्यातून हाताच्या पंजाएवढा लंबगोल तुकडा कापला. मग तो दगडावर उलटा ठेवला आणि रापी जवळजवळ आडवी धरून कडा तासायला सुरुवात केली. रापी पुढे ढकलायची, तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्याने ओढून धरायचा. पांढुरक्या पातळ चकत्या निघत होत्या, पेन्सिलीला टोक करताना निघतात तशा नाही, सलग, लांब. मध्ये जाडी तशीच आणि कडेला येता येता कागदाइतकी पातळ. एवढं कशासाठी, हे बूट घालून बसल्यावर कळतं. जाड कडा आतून घोट्याच्या हाडावर येते आणि तासाभरात सालपट काढते. तासून झाल्यावर मामांनी डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, तिथे पुन्हा रापी लावली. हे त्यांनी बऱ्याचदा केलं. डोळ्यांना मला काही फरक दिसत नव्हता.

चिकटवण्याचीही रीत आहे. दोन्ही बाजू आधी काचकागदाने खरवडल्या, म्हणजे तेल आणि जुना थर निघून तंतू वर आले. एरंडेल पाजताना घोट्याच्या आत ते मी मुद्दाम लावलं नव्हतं ते बरं झालं. तेलकट चामड्याला सोल्यूशन धरत नाही. मग सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. बोट लावलं तर चिकटतंय पण बोटाला येत नाही, अशा वेळी एकदाच बरोबर जागेवर बसवायचं. ओलं असताना बसवलं तर आत हवा आणि द्रावक अडकून राहतं. बसवल्यावर किती वेळ दाबून धरलं यापेक्षा किती जोरात दाबलं याला महत्त्व. म्हणून मामांनी बूट ठोकळ्यावर चढवून हातोडीच्या गोल बाजूने पूर्ण ठिगळावर ठोके दिले. बाहेरून चिरेच्या कडा एकमेकींना भिडल्या, नुसती रेघ राहिली.

पोटरीचा सुटलेला तुकडा हाताने शिवला. दोऱ्यावर आधी मेण आणि राळ यांचा गोळा फिरवला. त्याने दोरा चिवट होतो, भोकात घट्ट बसतो आणि घामाला लवकर दाद देत नाही. दोरा नायलॉनचा, सुती अजिबात नको असं मीच सांगून ठेवलं होतं. आरीने नवीन भोकं पाडायच्या आधी मामांनी जुनी भोकं शोधून काढली. त्याच भोकांतून, एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया, एक इकडून एक तिकडून. अशा शिवणीत प्रत्येक भोकात दोन पदर असतात. एक पदर झिजून तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना अडकवलेले असतात, एक टाका सुटला की ओळच्या ओळ उसवते. घोड्याच्या अंगाला घासणाऱ्या जागी हाताची शिवणच हवी, असं आता मी कुणालाही सांगेन. दर टाक्याला मामा दोन्ही टोकं ओढून हिसका देत होते. त्यांच्या करंगळीखाली दोऱ्याने पडलेला जुना खड्डा आहे, दोरा बरोबर त्यातच बसतो.

चेनचं काम मामांनी घेतलं नाही. पूर्ण चेन, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, सरळ बसवायला मशीन लागते, आणि तीही नळीच्या आत जाणारी, बाहेर आलेल्या दांडीवर चालणारी. मोटारसायकलच्या सीटची कव्हरं आणि शाळेच्या बॅगा शिवणाऱ्या एका दादांकडे ती निघाली. दादांनी आधी नुसता रनर बदलून पाहिला. बऱ्याच वेळा दात चांगले असतात आणि रनर झिजून तोंड पसरलेला असतो. पकडीने हलकं दाबलं किंवा रनर बदलला की चेन लागते. इथे दातच गेले होते. जुनी चेन उसवून, तिच्याच रेषेत, त्याच भोकांवर सुई पाडत नवी बसवली. खालच्या टोकाला, घोट्याच्या मागे, मशीनची दांडी पोचत नव्हती. तिथले शेवटचे टाके परत मामांनी हाताने घातले. आणि चेनवर ओढ येऊ नये म्हणून वरच्या टोकाला असलेल्या टिचबटणाचा पट्टाही नवा केला. चेन घोट्यापाशीच तुटते, कारण तिथे ती वाकते आणि धूळ, मीठ दातांत बसतं. आता मी आठवड्याला जुन्या टूथब्रशने दात साफ करते आणि मेणबत्ती फिरवते.

राहिला तो रबरी सोल. मामांना तो आवडला होता. नवा दिसतोय, खाचा चांगल्या आहेत, पावसाळ्यात पकड देईल, काढायचा कशाला? बोलून समजावण्यापेक्षा मी पागेतून एक लोखंडी रिकीब घेऊन गेले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. रिकीब बुटापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असावी लागते. दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा. त्यापेक्षा अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर पूर्ण पाऊलच आरपार जातं. आरपार जाऊ नये म्हणून टाच लागते, आणि अडकू नये म्हणून तळ गुळगुळीत लागतो. स्वार पडतो तेव्हा त्याचा पाय रिकिबीतून एका क्षणात सुटला पाहिजे. नाही सुटला, तर घोडा घाबरून पळतो आणि माणूस खाली लोंबकळत फरफटतो. चाचा शिकाऊ पोरांना हेच सांगतात, ‘‘पाँव अटका तो घोडा रुकता नै, घसीटता.’’

मामांनी बूट रिकिबीत घातला, बाहेर काढला. पुन्हा घातला, या वेळी तिरका करून ओढला. खाच लोखंडाच्या कडेला अडकली आणि खट्‌कन आवाज झाला. त्यांनी तो दोन-तीनदा करून पाहिला. मग काही न बोलता रापी घेतली आणि रबर सोलायला लागले.

रबराखाली मूळचा चामडी तळ होता, झिजलेला, पण कडेची पट्टी, जिला हे लोक वेल्ट म्हणतात आणि जिला तळ शिवलेला असतो, ती ठणठणीत. पुढचा अर्धा तळ नवा बसवायचा ठरलं. सालीने कमावलेलं जाड चामडं मामांकडे होतं. ते पाण्यात भिजवून, जरा वाळू देऊन, दगडावर हातोडीने कुटलं. कुटल्याने तंतू दबतात, तळ घट्ट होतो, लवकर झिजत नाही. टाच उघडली तेव्हा जुन्या लोखंडी चुकांभोवती, म्हणजे बारीक खिळ्यांभोवती, चामड्यात काळी वर्तुळं दिसली. चुका गंजल्या होत्या, आणि लोखंड व सालीतलं टॅनिन एकत्र आलं की असा काळा रंग उतरतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून पूर्वी शाई करायचे ती हीच क्रिया. त्या जागेचं चामडं ठिसूळही होतं. तेवढे थर बदलले आणि हार्डवेअरच्या दुकानातून मी पितळी चुका आणून दिल्या. टाचेची उंची अडीच सेंटीमीटर, मागची कड सरळ. सगळ्यात खाली रबराची पातळ चकती चालते, कारण टाच रिकिबीत जात नाही. तिला खाचा नकोत एवढंच पाहिलं.

या कामाला पैसे किती लागतात हे लोक विचारतात. सगळं मिळून नव्या चामडी बुटांच्या चौथ्या हिश्शातही खर्च आला नाही, आणि त्यात मामांनी मागितलेल्यापेक्षा मी जास्त दिले ते धरून. मागितलेली रक्कम त्या कामाला लाज आणणारी होती. तासन्‌तास बसून कडा तासणाऱ्या हाताला आपण चपलेच्या अंगठ्याच्या भावात मोजतो, आणि तोच हात नाहीसा झाला की कानपूरचा पत्ता शोधतो. हे मला मनापासून खटकतं. नांदेड, परभणी, हिंगोली, कुठेही असा साजाचं काम येणारा माणूस ठाऊक असेल तर त्याच्याकडे काम न्या. लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे, सगळं त्यांना येतं. आणि रिकिबीचा पट्टा तर जिवाशी गाठ असलेली वस्तू आहे, तो तुटायची वाट पाहायची नसते.

रंग आणि पॉलिशचं फार काही नाही. चिरेच्या रेघेवर आणि खरचटलेल्या जागी मामांनी काळा रंग बोळ्याने दिला. बाटलीतलं झटपट चमकणारं पॉलिश मी वापरत नाही. त्याचा थर वरून बसतो, घडीत तडकतो आणि आतलं चामडं तेलाला पारखं होतं. डबीतलं मेणाचं पॉलिश, पातळ, आणि भरपूर घासणं. पोटरीच्या आतल्या बाजूला मात्र पॉलिश लावायचंच नाही. ती बाजू गुळगुळीत झाली तर पाय खोगिरावर धरत नाही, आणि काळा रंग खोगिराला लागतो.

पहिल्यांदा घालून घोडीवर बसले तेव्हा आधी चाल, मग थोडी दुडकी, एवढंच केलं. लक्ष सगळं डाव्या घोट्यावर होतं. टाच खाली दाबली की ठिगळ जाणवत होतं, टोचत नव्हतं. उतरण्याआधी उभ्या घोडीवर दोन्ही पाय रिकिबीतून झटक्यात काढून पाहिले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. चाचा लगाम धरून उभे होते. त्यांनी वाकून तळ पाहिला, त्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली.

तेव्हापासून रोज उतरल्यावर आतली बाजू ओल्या फडक्याने पुसते, घाम सुकायच्या आत. घरी आल्यावर बाटल्या घालून उभे ठेवते, कापडी पिशवीत, प्लॅस्टिक नाही. मृगाच्या पावसात एकदा चांगले भिजले; कागद भरून व्हरांड्यात वाळवले, नंतर एरंडेलाचा पुसट हात दिला. चिरेच्या रेघेत पाणी शिरलं नाही. उजव्या बुटाचं आतलं अस्तर मात्र टाचेपाशी फाटत चाललंय, मोज्याला अडकतं. त्याला शेळीचं पातळ चामडं लागेल. मामांनी ते मागवून ठेवायचं कबूल केलंय. पावसाळा सरला की तेवढा उजवा बूट पुन्हा त्यांच्याकडे न्यायचा आहे.